हेडबाईखालची अकरा अंडी

ईनबाई, अकरातली नऊ निघाली. दोन पोचट गेली. त्यातलं एक तुम्हीच फोनवर म्हणाला होतात, "एक जरा हलकं लागतंय हाताला," तेच असावं. त्यावर खूण म्हणून तुम्ही ओढलेली कोळशाची जादा रेघ पुसून गेली होती, त्यामुळं खात्रीनं सांगता येत नाही. नवातली पाच तांबूस, तीन करडी आणि एक अगदी काळं, डोक्यावर पांढरा ठिपका घेऊन आलंय. हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं म्हणून मी फोन हातात घेतला, तुमचं नाव शोधून काढलं आणि मग माझ्या ध्यानात आलं. चौतीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेली बाई मी, आणि कोण हजर आहे नि कोण नाही हे मला अजून नीट लक्षात राहत नाही.

लोक विहीणबाई म्हणतात, आपल्याकडं ईनबाई. माझी मनीषा तुमच्या घरी देऊन बारा वर्षं झाली. मी नेकनूरला, तुम्ही सिरसाळ्याला, मधे दोन बस आणि बीडच्या स्टँडवरचा अर्धा तास. पहिली दोन वर्षं आपण मानपानापुरत्याच बोललो. लग्नात मी नेसवलेली साडी हलकी निघाली, असं तुमच्याकडची कोणी बाई बोलली होती, ते माझ्या कानावर आलं आणि मी ते जपून ठेवलं. तुम्ही मला भेटल्या की तोंडभर हसायच्या, तेही मला खटकायचं. एवढं हसायला हिला झालंय तरी काय, असं मी मनीषाला विचारलेलं आहे. कोंबड्या नसत्या तर आपण जन्मभर तेवढ्यावरच राहिलो असतो.

ती पहिली भेट आठवते का, तुमच्या परसातली? मी ओट्यावर बसले होते आणि पाण्याच्या कळशीएवढी एक ठिपक्यांची कोंबडी सरळ चालत आली आणि माझ्या मांडीवर चढून बसली. मी ओरडले. तुम्ही आतून पदराला हात पुसत आलात आणि म्हणालात, "घाबरू नका ओ, लई गरीब वाण हाय. तिला मांडी दिसली की बसायचंच असतंय." तीच लाडी. गिरिराज कोंबड्या मी शाळेच्या गावांत पाहिल्या होत्या, पण त्या नुसत्या जड आणि मंद. तुमच्या घरच्या मात्र तुमच्या मागोमाग गिरणीपर्यंत यायच्या. एकदा तर तुम्ही मला बसला बसवायला आलात आणि मागं दोन कोंबड्या होत्या. कंडक्टरनं विचारलं, यांचं तिकीट कोण काढणार. तुम्ही म्हणालात, "त्या येत न्हाईत, नुसत्या सोडायला आल्यात."

पुढं कळलं की नुसत्या वाणानं हे होत नाही. प्रत्येक पिलाला तुम्ही पहिल्याच दिवशी पदराखाली छातीशी धरून बसायच्या. एकेकाला बराच वेळ. तेवढ्यात त्याला काल मालिकेत काय झालं ते सांगायच्या. मी म्हटलं, त्याला काय कळतंय. तुम्ही म्हणालात, "मालिका न्हाई कळत, आवाज तर कळतोय का न्हाई?" माझ्याजवळ उत्तर नसलं की मी बोलत नाही किंवा मग फार बोलते, हे तुम्हाला पुढं चांगलंच कळलं.

वाण गरीब, पण खुडूक बसत नाही. अंडी घालायची, वर बसायचं नाही. लाडी अंडं घालून उठायची ती मागं वळून बघायचीही नाही. आणि माझ्याकडं होती गावरान काळी, सहा सहा महिन्यांनी हमखास खुडूक बसणारी आणि जवळ गेलेल्या प्रत्येकाचा हात फोडणारी. तुम्ही नेकनूरला आल्या होत्या तेव्हा तुमच्या मनगटालाही तिनं प्रसाद दिला. तुम्ही रक्त पुसत हसलात आणि तिचं नाव ठेवलं, हेडबाई. मी हेडबाई म्हणूनच रिटायर झाले. मी डोळे वटारले तर म्हणालात, "तुमच्यावरून न्हाई ओ ईनबाई, असंच सुचलं."

तेव्हापासून आपलं सुरू झालं. तुमच्याकडून अंडी यायची, स्टीलच्या डब्यात ज्वारीत पुरून, प्रत्येकावर कोळशाची एक रेघ. डब्याच्या तळाशी एक लोखंडी खिळा. वीज कडाडली की अंडी नासतात, खिळा ठेवला की नासत नाहीत, हे तुमचं शास्त्र. मी तुम्हाला चांगला पंधरा मिनिटं धडा दिला होता त्यावर. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालात, "बरोबर हाय तुमचं. असू द्या, खिळ्याचं काय वजन होतंय का?" हेडबाई एकवीस दिवस बसायची, पिलं निघायची, निम्मी तुमच्याकडं जायची आणि निम्मी माझ्याकडं राहायची. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही हा माझा नियम होता, पण ही माझ्या कोंबडीची मेहनत आहे, असं मी स्वतःला पटवलं होतं.

पहिल्या खेपेची ती गंमत आठवली की आजही हसू येतं. तुमची पिलं दोन महिन्यांत हेडबाईपेक्षा मोठी झाली. तरी थंडी पडली की तिच्या पंखाखाली घुसायची. चार बाजूंनी चार धटिंगणं शिरली की हेडबाई जमिनीवरून वर उचलली जायची, पाय हवेत, तोंड मात्र कडक. तुम्ही ते बघायला मुद्दाम दोन बस बदलून आलात आणि हसून हसून माझ्या अंगणात खाली बसलात. डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. मीही हसले. तोपर्यंत मी तुमच्यासमोर कधी मोठ्यानं हसले नव्हते.

आता ते बोलायला हवं, ज्यावरून आपलं बिनसलं. आमच्या माहेरी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माझ्या आईनं माझ्या घरी तीन वर्षं घोटभर पाणी घेतलं नाही. मनीषा झाली त्या दिवशी तिनं माझ्या सासूच्या हातून गूळपाणी घेतलं. शाळेत मी मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावायचे आणि घरी ही रीत पाळायचे. का पाळायचे ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मनीषाला दिवस जात नव्हते. जितकी वर्षं सरत होती तितकी मला धास्ती बसत होती, की मी एक घोट प्यायले आणि त्यामुळंच तिचं मूल व्हायचं राहिलं, असं व्हायला नको. शिकलेल्या माणसाची भीती ही अशी असते, ती कोणाला सांगताही येत नाही.

म्हणून मी यायचे ती पाण्याची बाटली आणि फडक्यात भाकरी बांधून. पिशवी ओट्यावर ठेवायची, परसात जाऊन कोंबड्या बघायच्या आणि मग कडुनिंबाखाली बसून आपली शिदोरी सोडायची. दुसऱ्या कोणी सासूनं हा अपमान मानला असता. तुम्ही तुमचं ताट घेऊन बाहेर यायच्या, माझ्यासमोर फतकल मारून बसायच्या, ताट बाजूला सारायच्या आणि माझ्या भाकरीला हात घालायच्या. "पोराच्या आईला तर बंदी न्हाई ना?" असं म्हणून माझी निम्मी भाकरी खायच्या. मग मी दोनच्या चार भाकरी बांधायला लागले. तुमच्या ताटात येसराची आमटी असायची, त्या भाजलेल्या धान्यमसाल्याच्या पिठाची, लसूण पार करपवून फोडणी दिलेली. तो वास बारा वर्षं मी नाकानं घेतला, जिभेवर एकदाही घेतला नाही. तुम्ही वाटी मुद्दाम आपल्या दोघींच्या मधे ठेवायच्या, हे काय मला कळत नव्हतं?

आणि तो संक्रांतीचा दिवस. तुमच्या गल्लीतल्या बायका वाण लुटायला आल्या होत्या, मी ओट्याच्या कडेला होते. एकीनं गूळ चघळत विचारलं, "सून अजून तशीच हाय का हो तुमची?" मनीषा आत होती, तिला ऐकू गेलं असणारच. तुमच्या मांडीवर लाडी होती. तुम्ही तिच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणालात, "ही बघा, ही बी कधी अंड्यावर बसत न्हाई. मी हिला कमी दाणे टाकते का? माझ्या अंगणात पिलांना काय तोटा हाय?" आणि त्या बाईच्या हातावर तिळगूळ ठेवला. मी तुमच्यावर तेव्हा फणकारले होते, माझ्या पोरीला कोंबडीच्या रांगेत बसवलंत म्हणून. बसमध्ये बसल्यावर मात्र तेलगाव येईपर्यंत रडत होते. पोरीला असं घर मिळालंय, हे तुम्हाला सांगायला हवं होतं. ईनबाईला असं कुठं कोणी सांगतं, म्हणून राहिलं.

डॉक्टरांनी हात टेकल्यावर मनीषानं आणि गणेशरावांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. जावई परळीच्या थर्मलला कामाला, बोलायला कमी. बोलली मनीषाच. "दोन्ही आया हो म्हणाल्या तर घेऊ. एकीचाही नकार असंल तर न्हाई." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तुम्ही हो म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही परसातल्या कोपऱ्याला जाळी बांधली म्हणे, लेकरू रांगत कोंबड्यांच्या भांड्यात हात घालील म्हणून. मी नाही म्हटलं. कोणाचं, कुठलं, काय रक्त असेल, मोठं झाल्यावर काय गुण निघतील. मी सगळं बोलले. पोरीची आई मी, मीच तिच्या आड उभी राहिले. तुम्ही मला कधी जोरानं काही म्हणाला नाहीत. फक्त दर खेपेला विचारायच्या, "मग ईनबाई, काय विचार केला?" आणि मी म्हणायचे, "करतेय." वर्ष असं गेलं.

मग मागच्या थंडीत मी ती तक्रार घेऊन आले. माझ्या वाट्याची पाच पिलं वाढून रानटी झाली होती. मला बघितलं की पळायची, खुराड्यात जायची नाहीत, शेवग्याच्या झाडावर बसायची, एक तर शेजारच्या पत्र्यावरनं उतरेना. पहिल्या दिवशी छातीशी धरायचं राहिलं होतं, हेडबाई हात लावू देत नव्हती. भाकरी सोडता सोडता मी म्हटलं, "कसला तुमचा गरीब वाण? हेडबाईनं सगळी रानटी करून ठेवलीत."

तुमचा घास हातातच थांबला. "म्हंजे? अंडी माझ्या लाडीची. बाप माझ्या घरचा. मग रानटी कशी झाली?"

"कशी म्हणजे? जिच्याखाली वाढली तिचं बघून झाली."

"बघा," तुम्ही म्हणालात, अगदी हळू. "तुमीच बोलला, ईनबाई. मी न्हाई."

मला कळलं आपण कुठं येऊन अडकलो ते. तुम्ही तिथं थांबला असतात तर कदाचित मी निभावून नेलं असतं. पण तुम्ही पुढं म्हणालात, "चौतीस वर्षं लोकांची लेकरं घडवली तुमी. ती काय तुमच्या रक्ताची होती?"

माझ्या शाळेतल्या कोणालाही विचारा, उत्तर सुचलं नाही की बाई फार वाईट बोलायच्या. मी म्हटलं, "माणसाचं कोंबडीवर नेऊ नका. आणि एक ऐकून ठेवा. तसं आणलेलं लेकरू मी मनीषाचं मूल म्हणून धरणार नाही. ते आलं तरी मी तुमच्या घरच्या पाण्याला शिवणार नाही." मनीषा दारात उभी होती, हातात ज्वारी पाखडायचं सूप. तुम्ही माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मांडीशी ठेवलेल्या बाटलीकडं बघितलं. काहीतरी बोलणार होतात असं वाटलं. बोलला नाहीत. हातातला भाकरीचा तुकडा कोंबड्यांना टाकला आणि ताट उचलून आत गेलात. बारा वर्षांत माझी भाकरी तुम्ही पहिल्यांदा अर्धी सोडली.

त्यानंतर मी दोन महिने आले नाही. तुम्ही पुन्हा हाक दिली ती तुमच्याच रीतीनं. गणेशराव बीडला कामाला आले होते, ते वाट वाकडी करून नेकनूरला आले आणि डबा देऊन गेले. ज्वारीत अकरा अंडी, तळाशी खिळा. सोबत निरोप नाही, काही नाही. हेडबाई दोन दिवसांपूर्वीच खुडूक बसली होती, हे तुम्हाला कुठून कळलं ते आता विचारायलाही कोणी नाही. मनीषानंच सांगितलं असणार. त्या दिवशी मी फोन केला. आपण फक्त कोंबड्यांचं बोललो. "बसली का हेडबाई?" "बसली." "सारखं उठवून बघू नका तिला. तुमी लई तपासायला जाता." "बरं." "ईनबाई..." "काय?" "काही न्हाई. उन्हात येऊ नका, उन्हं लई हायत. पिलं निघाली की या." खोटं कशाला बोलू, तेव्हाही मी हो म्हणणार नव्हते. पण पिलं घेऊन येणार होते. तेवढं नक्की होतं.

दहाव्या दिवशी सकाळी मनीषाचा फोन आला.

मी पोहोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि कोंबड्यांना सकाळपासून कोणी दाणा टाकला नव्हता. त्यांना काय कळणार? एवढ्या मांड्या एकदम अंगणात बसलेल्या त्यांनी कधी बघितल्या नव्हत्या. त्या रडणाऱ्या बायकांच्या मांडीवर चढत होत्या. कोणी हाकलत होतं, कोणी काठी शोधत होतं. एक तुमच्या पायाशी जाऊन बसली, तिला तुमच्या धाकट्या दिरानं उचलून भिंतीपलीकडं टाकलं. ती परत आली. लाडी माझ्याकडं आली. मी तिला हाकललं नाही. एवढ्या वर्षांत मी तिला आपणहून कधी हात लावला नव्हता, त्या दिवशी धरून बसले. तिची छाती केवढी गरम असते, ईनबाई. तुम्हाला माहीतच आहे.

मग दहा-अकरा दिवस मी नेकनूरला हेडबाईजवळ बसून काढले. तुमचं ऐकलं, उठवून तपासलं नाही. मधे एका दुपारी अवकाळी ढग आले आणि अशी वीज कडाडली की भांडी हलली. मी उठून टोपलीतल्या गवतात हात घातला आणि खिळा आहे का बघितलं. होता. हेडबाईनं हात फोडला. फोडू दे म्हटलं. तुमच्या हातनं सुटलेलं एवढंच माझ्याकडं शिल्लक होतं आणि ते नासू नये, दुसरं काही मला सुचत नव्हतं.

पिलं निघाली तेव्हा मी पदर हाताला गुंडाळून एकेक काढलं. हेडबाईनं जे करायचं ते केलं, मनगटापासून कोपरापर्यंत. तरी नऊच्या नऊ पिलांना छातीशी धरून बसले. बोलायचं काय ते कळेना. मालिका मी बघत नाही. शेवटी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं.

तेराव्याला मी आले ती हेडबाई आणि नऊ पिलं डालग्यात घेऊन. बीडच्या स्टँडवर हेडबाईनं हमालाचा हात फोडला. पिशवीत बाटली होती आणि फडक्यात भाकरी. तुमच्या परसात कडुनिंबाखाली बसून फडकं सोडलं तेव्हा बघितलं, सवयीनं चार बांधल्या होत्या. समोर मांडवात बुंदीची पंगत चालली होती. मी दोन भाकरी खाल्ल्या नाहीत आणि उरलेल्या दोनही खाल्ल्या नाहीत. सगळ्या कुस्करून तुमच्या कोंबड्यांना टाकल्या. हेडबाई आणि पिलं त्या जाळीच्या कोपऱ्यात सोडली, लेकराला आवरायला बांधलेल्या. ती जाळी तुम्ही काढली नव्हती. मी नाही म्हटल्यावरही नाही.

ते बघितल्यावर मी उठले. पाहुणे पांगले होते. बारा वर्षांत मी तुमच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता, तो ओलांडला. मनीषा चुलीपाशी होती. गणेशरावांना गोड उतरत नव्हतं म्हणून त्यांच्यापुरती आमटी-भाकरी टाकत होती.

मी म्हटलं, "ते कागद पुढं घाला."

"कुठले कागद?"

"मुलाचे. मी हो म्हणतेय."

ती भाकरी थापायची थांबली. हातातलं पीठ वाळायला लागलं. "आता म्हणतीस, आई?"

"आता म्हणतेय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तिचा राग खरा होता. "तुझ्या सासूला ऐकायचं होतं तेव्हा म्हटलं नाही. आता तू ऐक. आणि मला ताट वाढ."

"तुझी रीत?"

"वाढ म्हणते ना."

तिनं वाढलं. मी तुमच्या चुलीसमोर मांडी घालून बसले आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. माझ्या घरात येसराच्या आमटीत गुळाचा खडा पडतो, माझ्या आईपासून. मनीषाला मीच शिकवली होती, लग्नाआधी, चार वेळा खारट झाली होती तेव्हा कुठं जमली. ही ती आमटी नव्हती. लसूण करपलेला, तिखट वर आलेलं, गूळ नाही.

"गूळ विसरलीस," मी म्हटलं.

"मामी घालत न्हाईत," ती म्हणाली. ती तुम्हाला मामीच म्हणते आणि तुमच्याबद्दल अजून असंच बोलते, तुम्ही परसात असल्यासारखं.

मी पुढचा तुकडा मोडला. माझ्या पोटची पोरगी, आणि तिच्या हाताला चव तुमची. बारा वर्षं तुमच्याखाली वाढली, तुमचं बघून झाली. त्या दिवशी झाडाखाली मला न सुचलेलं उत्तर हेच होतं. तुमचं बरोबर होतं, ईनबाई. हे तुमच्या तोंडावर बोलले असते तर तुम्ही किती हसला असतात आणि पुढची सगळी वर्षं मला ते ऐकवलं असतं. ऐकलं असतं मी.

तिखट लागलं म्हणून मी सवयीनं पिशवीतनं बाटली काढली आणि तोंडाला लावली. मनीषा एकदम हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले.

"काय झालं?"

"आई, तू या घरचं पाणी पहिल्यापासून पितीस."

मी बाटली तोंडापासून खाली घेतली.

"तू पिशवी ओट्यावर ठेवून कोंबड्या बघायला मागं गेलीस की मामी तुझी बाटली ओतून टाकायच्या आणि माठातलं भरून ठेवायच्या. दर खेपेला. मी एकदा म्हटलं, मामी, असं कशाला करता, तिला कळलं तर? तर म्हणाल्या, लई लांबून येती तुझी आई, उन्हानं पाणी कढत होतंय तिचं. मला बघवत न्हाई."

मी आधी संतापले, हे कबूल करते. मग ती जुनी धास्ती परत आली, बारा वर्षांची. आणि मग मला तो थंडीतला दिवस आठवला. मी तुमच्या घरच्या पाण्याला शिवणार नाही म्हणाले, तेव्हा बाटली माझ्या मांडीशीच होती, तुमच्या माठाच्या पाण्यानं भरलेली. तुम्ही तिच्याकडं बघितलं होतं. एक वाक्य बोलला असतात तर माझी रीत, माझा ताठा, सगळं तिथंच मातीत गेलं असतं, माझ्या लेकीसमोर. तुमच्याजवळ ते वाक्य होतं आणि तुम्ही ते गिळून ताट उचलून आत गेलात.

या खेपेला बाटलीत माझ्या घरचं पाणी होतं, बीडपासून तापत आलेलं. ती भरणारं इथं कोणी नव्हतं. मी तशीच उष्ट्या हातानं परसात आले. लाडी पायात आली. जाळीतल्या पिलांच्या वाडग्यात मी ते सगळं पाणी ओतलं, थेंबभरही ठेवलं नाही, आणि रिकामी बाटली मनीषाच्या हातात दिली.

"भरून आण," म्हटलं. "माठातलं."